वृक्षाची प्रतिष्ठा आणि नित्यपूजा

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आरंभी बडोद्यातील एका संस्थेने वृक्षारोपणाचा समारंभ योजिला होता. वक्ते म्हणून आम्हांस पाचारण झाले. आम्ही हवामानबदलावर भाषण केले, कडुनिंबाचे रोप खड्ड्यात ठेवून माती लोटली आणि हार स्वीकारून घरी परतलो. पुढील वैशाखात त्याच रस्त्याने जाताना पाहतो, तो लोखंडी जाळीत एक वाळकी काडी उभी! मधल्या काळात त्या रोपाची आठवण आम्हांस एकदाही झाली नव्हती. दोष कोणाचा, हा प्रश्न वकिलाच्या मनात प्रथम येतो. या खेपेस आरोपीच्या पिंजऱ्यात आम्हीच होतो.

ज्या नगराचे नावच वडावरून पडले, तेथे हे घडावे याची लाज अधिक वाटते. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात या गावाचा उल्लेख वटपद्रक असा आहे. विश्वामित्रीकाठची सयाजीबाग १८७९ सालची. तिच्या सावलीत आज आपण बसतो, ते कोणा एकाने समारंभ केला म्हणून नव्हे. अनेक अनाम माळ्यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे पाणी घातले म्हणून.

मग वृक्षारोपणात कलावंताचे काय काम? जर्मनीतील कासेल नगरात १९८२ साली जोसेफ बॉइस या शिल्पकाराने सात हजार झाडे लावण्याचा संकल्प सोडला. संग्रहालयासमोर त्याने बसाल्ट दगडाचे सात हजार खांब रचून ठेविले. एक झाड लागले की एक दगड तेथून उचलावयाचा आणि झाडाशेजारी रोवावयाचा, असा नियम होता. ढीग नाहीसा होण्यास पाच वर्षे लागली. बॉइस १९८६ साली निवर्तला. शेवटचे झाड १९८७ साली त्याच्या पुत्राने लाविले. चळवळ घोषणा देते, सरकार आकडे देते. त्या ढिगाने फेडावयाचे राहिलेले ऋण भर चौकात मांडून ठेविले. कलेचे काम ते हेच, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणतील, मोटारींचा आणि कारखान्यांचा धूर चार रोपांनी कसा फिटावा? आक्षेप खरा आहे. झाड कर्बवायू शोषते ते हळूहळू, वर्षानुवर्षे वाढता वाढता. वाळलेली काडी काहीच शोषीत नाही. जुना वड तोडून दहा रोपे लावणे ही भरपाई नव्हे, ती पुढील तारखेची हुंडी आहे. आणि रोपे लाविली म्हणून धूर सोडण्याची मुभाही मिळत नाही. प्रायश्चित्त घेणाऱ्याने प्रथम पाप थांबवावे, हे आपल्या शास्त्रांस नवीन नाही.

१९७६ साली संविधानात घातलेल्या कलम ५१-क ने निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली मान्य केला. पण रोपाच्या वतीने उभे कोण राहणार? याचे उत्तर देवळात जाणाऱ्यास सापडावे. आपल्या कायद्यात देवता ही व्यक्ती आहे. तिची मालमत्ता असते, तिच्या नावे दावा चालतो. परंतु ती अज्ञान बालकाप्रमाणे मानली जाते, म्हणून तिचा कारभार पाहणारा कोणी असावा लागतो. मूर्तीची प्रतिष्ठा करून दुसऱ्या दिवसापासून गाभाऱ्यास कुलूप लावणाऱ्यास आपण भाविक म्हणू काय? मग रोपाच्या बाबतीत प्रतिष्ठेचा सोहळा तेवढा आपला, आणि नित्यपूजा पावसाची, हा न्याय कोठला?

येथील कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी गंगावतरण चितारले आहे. अंशुमान आणि दिलीप यांची तपश्चर्या फळाविना संपली. गंगा आली ती भगीरथाच्या वाट्यास. तरी त्या दोघांनी तप केले, ते सोडून दिले नाही.

येत्या पावसाळ्यात आम्ही एकच रोप लावणार आहोत, आमच्याच दाराशी, घागर पोचेल इतक्या अंतरावर. भाषण तीन उन्हाळ्यांनंतर करू. तेही रोप जगले तर.