तोतया लेन्स

लेन्स खोटी आहे हे मला टेबललॅम्पखाली कळलं, आणि कळायला दहा सेकंदही लागले नाहीत. अपर्चर एफ ८ वर ठेवायचं, लेन्स समोरून उजेडात धरायची, थोडी कलती करायची आणि आतली पाती नेमकी कुठे आहेत ते बघायचं. लाइट्झच्या ५० मिमी, एफ ३.५ एल्मारमध्ये ही पाती पहिल्याच काचेच्या मागे असतात, त्यामुळे समोरून अगदी जवळ दिसतात. माझ्या लेन्समध्ये ती आणखी एक काच सोडून आत होती. पुढच्या कड्यावर 'लाइट्झ एल्मार' असं छान कोरलेलं होतं. कड्यावर काहीही कोरता येतं, पण पात्यांची जागा बदलायची तर लेन्सच नवी बनवावी लागेल.

ही लेन्स मी सात महिन्यांपूर्वी ऑनलाइन २४ हजारांना घेतली होती. परत करायची मुदत कधीच संपली होती. तरी विक्रेत्याला मेल केला. उत्तर सभ्य होतं: मी जाणकार नाही, मला जशी मिळाली तशी विकली, फोटो तुम्ही बघितलेच होते.

फोटो मी बघितले होते हे खरंच. पण मला ती लेन्स हवी होती, आणि हवी असलेली वस्तू माणूस तपासत नाही, तिच्याकडे फक्त बघत बसतो. नाहीतर पुरावे समोरच होते. कड्यावरचा क्रमांक युद्धापूर्वीचा होता. युद्धापूर्वीच्या एल्मारवर अपर्चरचे आकडे ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ असे जुन्या युरोपीय पद्धतीचे असतात. माझ्या लेन्सवर आपल्या ओळखीचे ४, ५.६, ८, ११, १६ होते. शिवाय काचेवर निळसर जांभळी झाक होती, म्हणजे कोटिंग. त्या काळच्या एल्मार कोटिंगशिवाय यायच्या. अर्थात लाइट्झने जुन्या लेन्सना नंतर कोटिंग करून दिल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे एवढ्यावरून लगेच निकाल देता येत नाही. मी त्या 'देता येत नाही'चाच आधार घेतला. जुन्या बाजारात पितळी समई घेताना आई ती उलटी करून, नखाने खरवडून, चार वेळा खाली ठेवून मग भाव विचारते. मी लेन्स घेताना तिचा मुलगा शोभलो नाही.

असली बनावट लेन्स तयार कशी होते? सुरुवातीपासून काही बनवावं लागत नाही. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात 'इंडस्टार-२२' नावाची लेन्स बनायची. तीही ५० मिमी, एफ ३.५, तीही नळी आत ढकलून चपटी करता येणारी, आणि तिचे आटेही लायकाचेच, ३९ मिमीचे. दिसायला एल्मारची जुळी बहीण. कोणीतरी तिच्या कड्यावरचं रशियन नाव घासून काढतो, त्या जागी जर्मन नाव कोरतो, आणि किंमत पाच-सहा पट होते. कॅमेऱ्यांचंही तेच. फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांना सोनेरी मुलामा देऊन, वर गरुड कोरून 'लुफ्तवाफे' किंवा '१९३६ बर्लिन ऑलिंपिक'चे लायका म्हणून विकतात. काही दुकानदार सरळ 'नकली लायका' म्हणून विकतात आणि लोक हौसेने कपाटात ठेवतात. त्यात कोणाचं काही बिघडत नाही. झाइसच्या सोनार लेन्सची गोष्ट जास्त अवघड आहे. लायकाच्या आट्यांच्या थोड्याशा सोनार झाइसने युद्धकाळात खरोखरच बनवल्या होत्या. त्यामुळे ज्युपिटर-३ वर 'सोनार' कोरून विकणाऱ्याला त्या थोड्या खऱ्यांच्या आड लपता येतं.

माझ्या मित्राला (आम्ही एकाच टीममध्ये आहोत) हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "इनपुट तेच, आउटपुट तेच. टेस्ट पास. तुझे वीस हजार गेले हे वाईट झालं, पण लेन्सला काय झालंय?"

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. सात महिन्यांत काढलेले फोटो अजून तेच आहेत. सकाळच्या उन्हात बाबांचा काढलेला फोटो मला आजही आवडतो. मग मी नेमकं काय गमावलं? फक्त वीस हजार असतील तर विक्रेत्याने ते परत दिल्यावर हिशोब मिटायला हवा. मी कल्पना करून बघितली. पैसे खात्यात आलेत, मेसेज आलाय. तरी काहीतरी उरत होतं.

अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ सालच्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या पुस्तकात बनावट चित्रांबद्दल हाच प्रश्न घेतलाय. दोन चित्रांमधला फरक मला आज डोळ्यांनी दिसत नसेल, तर एक अस्सल आणि एक नक्कल असण्याने काय फरक पडतो? त्यांचं म्हणणं असं, की फरक आहे हे एकदा कळलं की बघणंच बदलतं. कुठे बघायचं, काय शोधायचं हे डोळा शिकू लागतो. टेबललॅम्पखाली माझं हेच झालं. पाती आधीही तिथेच होती, मी बघत नव्हतो. गुडमन आणखी एक मुद्दा मांडतात. चित्राची बनावट प्रत होऊ शकते, पण संगीतरचनेची त्या अर्थाने होत नाही, कारण स्वरलिपी बरोबर उतरवली की प्रत्येक प्रत अस्सलच. माझा रोजचा धंदा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. कोडची अचूक प्रत म्हणजे तोच कोड. म्हणून आम्हा लोकांना 'टेस्ट पास' हे पूर्ण उत्तर वाटतं. लेन्स मात्र ना चित्र, ना कोड. ती हजारोंनी बनते, तरी प्रत्येक नग कुठेतरी, कोणाच्या तरी हातून बनलेला असतो.

आपल्याकडे यासाठी 'तोतया' हा नेमका शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवराव भाऊ म्हणून एक माणूस पुढे आला. ते प्रकरण बरीच वर्षं चाललं आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. चेहरा जुळतो का, चालणं-बोलणं जुळतं का, यावर तेव्हा वाद झाले. पण सगळं जुळलं असतं तरी एक प्रश्न उरलाच असता: हा माणूस १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर होता का? एखादा माणूस किती गुणी आहे यावरून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी तो कुठून आला हेच बघावं लागतं.

म्हणून मी माझी लेन्स कुठून आली ते शोधायला लागलो. इथे माझा राग जरा विचित्र दिशेला वळला.

लायकाची सर्वांत प्रसिद्ध सोव्हिएत नक्कल म्हणजे खार्कीवचा फेड कॅमेरा. फेड म्हणजे फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक. त्याच्या नावाच्या कम्यूनमध्ये अनाथ, रस्त्यावर वाढलेली मुलं ठेवली जात. आंतोन माकारेंको हे शिक्षणतज्ज्ञ तिथे प्रमुख होते. या मुलांनी आधी इलेक्ट्रिक ड्रिल बनवले आणि १९३४ पासून लायका-२ ची नक्कल असलेला कॅमेरा. पुढे झोर्की याच फेडवरून निघाला, आणि माझी इंडस्टार-२२ झोर्कीवरच यायची. म्हणजे नक्कल तर आहेच. पण एल्मारचा चार काचांचा आराखडा तरी कुठला? तो झाइसच्या १९०२ सालच्या टेसारच्या घराण्यातला. लाइट्झचे माक्स बेरेक यांनी त्यात पाती पुढे आणली आणि आपलं गणित बसवलं. इंडस्टार-२२ मध्ये पाती पुन्हा टेसारच्याच जागी आहेत, म्हणजे माझी लेन्स आतून एल्मारपेक्षा टेसारच्या जास्त जवळची. सगळेच कोणाचं तरी बघून शिकले. पण फेडवर 'फेड' लिहिलेलं होतं आणि इंडस्टारवर 'इंडस्टार'. नक्कल उघड होती, स्वतःच्या नावाने होती. खोटेपणा आला तो नंतर, कोणीतरी कडं घासायला घेतलं तेव्हा.

उरत होतं ते बहुधा हेच. सात महिने मी वेट्झलारच्या कारागिरांचं कौतुक करत होतो आणि लेन्स क्रास्नोगोर्स्कच्या कामगारांनी बनवली होती. ते कौतुक त्यांच्या वाट्याचं होतं, आणि मी ते भलत्याच पत्त्यावर पाठवत राहिलो. माझी फसवणूक झाली हे खरं, पण माझ्या आधी त्यांची झाली होती.

बाबा भोसरीत टूलरूममध्ये होते, आयुष्यभर टर्नर. लेन्स आली तेव्हा मी त्यांना मोठ्या ऐटीत दाखवली होती, "बाबा, जर्मन आहे, ऐंशी वर्षांपूर्वीची." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती फिरवून बघितली होती आणि म्हणाले होते, "ग्रीस वाळलंय. पण आटे स्वच्छ कापलेत." आता जाऊन सांगितलं, की ही रशियन निघाली, खोटं नाव घालून विकली. मला वाटलं, पैशांवरून बोलणी बसतील. त्यांनी लेन्स पुन्हा हातात घेतली. "मग? आटे अजून स्वच्छच आहेत ना." थोड्या वेळाने कड्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "आधीचं नाव बरंच खोल असणार रे. घासताना कड पातळ झालीय बघ."

इथपर्यंत मी फसलेला माणूस होतो आणि नैतिकदृष्ट्या माझी बाजू उत्तम होती. मग मी लेन्स विकायला काढली.

एका फोटोग्राफीच्या ग्रुपवर आधीच बोलून बसलो होतो, की एल्मार विकायची आहे. नाशिकहून एका मुलाचा मेसेज आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "दादा, एल्मार आहे ना? सहा महिने पैसे साठवतोय." मी जाहिरातीचा मजकूर लिहिला. अजून फोनच्या नोट्समध्ये आहे: 'कड्यावर लाइट्झ एल्मार असं कोरलेलं आहे. ५० मिमी, एफ ३.५. काचा स्वच्छ. आहे त्या स्थितीत विकतो आहे. मी जाणकार नाही, कृपया फोटो बघून स्वतः खात्री करून घ्यावी.'

परत वाचलं. कड्यावर तसं कोरलेलं आहे, खरं. काचा स्वच्छ आहेत, खरं. प्रत्येक वाक्य कोर्टात टिकेल असं. नरो वा कुंजरो वा. गंमत अशी, की यातलं एकच वाक्य सपशेल खोटं होतं आणि ते नम्रतेचं होतं: मी जाणकार नाही. ज्या दिवशी घेतली त्या दिवशी नव्हतो. आता होतो, आणि ते होण्यासाठीच २४ हजार मोजले होते. विक्रेत्याच्या मेलमधलं तेच वाक्य जसंच्या तसं माझ्या बोटांतून उतरलं होतं, आणि लिहिताना मला ते ओळखूही आलं नव्हतं. ऑफिसात रिलीज नोट्समध्ये मोठा बग 'किरकोळ सुधारणा' म्हणून लिहायची सवय आहेच, हात बसलेला आहे.

तो विक्रेताही कदाचित असाच कोणाकडून तरी फसलेला असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. कडं घासणारा एकच. पुढचे सगळे आम्ही, 'माझे पैसे तरी निघोत' म्हणणारे.

मुलाला लिहिलं: ही इंडस्टार-२२ आहे, नाव खोटं आहे, ३,५०० रुपये. पाती कशी बघायची तेही सांगितलं. दोन दिवस काही उत्तर नाही. मग आलं, "घेतो दादा. पण कड्यावरचं नाव तसंच राहू दे ना. भारी दिसतं."

आता आली का पंचाईत! त्याला मी सांगितलं, तो फसलेला नाही. पण तो उद्या ती कोणाला विकेल? आणि तो पुढे कोणाला? नाव खरवडून टाकावं तर मी त्याच्या वस्तूत हात घालतोय. ठेवावं तर तेच खोटं पुन्हा बाजारात सोडतोय, फक्त माझ्यापुरती पावती फाडून. मी हे बाबांसमोर बोललो. ते उठले, माळ्यावरच्या पेटीतून स्क्रायबर काढला आणि म्हणाले, "विचार त्याला, आतल्या नळीवर चालेल का. हलकंच करतो. ती घासत आत जाते, खोल ओरखडा चालायचा नाही." मुलगा हो म्हणाला. मी पाचशे कमी केले.

फोटो काढायचा तर नळी बाहेर ओढावीच लागते. बाबांनी तिच्यावर बारीक, टूलरूममधल्या ड्रॉइंगवर असतात तशा अक्षरांत लिहिलं: इंडस्टार-२२.

रविवारी वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर तो आला. मी काही म्हणायच्या आत त्याने लेन्स उजेडाकडे धरून कलती केली आणि म्हणाला, "हां, आत आहेत पाती." मग नळी ओढली, वाचली आणि हसला. "अक्षर कोणाचं आहे?" म्हटलं, माझ्या बाबांचं. त्याने मान डोलावली, तीन हजार पाठवले आणि नाशिकच्या गाडीकडे जाता जाता नळी पुन्हा आत ढकलली. बाहेर फक्त कडं दिसत होतं.