प्याद्याची किंमत

बुद्धिबळात प्याद्याची किंमत किती, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे असे पुष्कळांना वाटते. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1950 साली यंत्राला हा खेळ शिकविण्याची रीत मांडली, तेव्हा त्यानेही वजीर नऊ, हत्ती पाच, उंट व घोडा तीन आणि प्यादे एक, असाच भाव धरला. प्यादे एकाकी किंवा मागे अडकलेले असेल, तर त्यातून अर्धा वजा. पटावर मोहरे दाटलेले असतात तोवर हा हिशेब चालतो. राजे आणि प्यादीच उरली, म्हणजे मात्र तो फसू लागतो.

समजा, एका बाजूला राजा व एक प्यादे आहे आणि दुसऱ्या बाजूला नुसता राजा. आपल्या जुन्या देशी खेळात येथे बुर्जी झाली म्हणून डाव आटोपत असे. आजच्या नियमांत तो चालू राहतो. शॅननच्या हिशेबाने पहिला पक्ष एका गुणाने वरचढ. पण प्यादे पटाच्या कडेच्या पट्टीत असेल आणि एकटा राजा समोरचा कोपरा गाठू शकत असेल, तर त्या गुणाचे मोल शून्य. तोच राजा एक घर मागे पडला, तर त्याच प्याद्याचा वजीर होऊ शकतो.

म्हणून यंत्रे घडविणाऱ्यांनी येथे अंदाज सोडून दिला. स्टॉकफिश या कार्यक्रमात कित्येक वर्षे अशा 1,96,608 स्थितींचा एक तक्ता असे. शेवटाकडून मागे मोजीत तो तयार होई, आणि प्रत्येक स्थितीपुढे एवढेच नोंदलेले असे : डाव जिंकतो की नाही.

हा प्रश्न पटापुरता नाही. वरळी कोळीवाड्याजवळ सागरी किनारा मार्गाच्या पुलासाठी दोन खांबांत 60 मीटर अंतर योजिले होते. वारा आणि पाण्याची ओढ लक्षात घेता एवढ्यातून होडी सुखरूप जाणार नाही, असे कोळी सांगत होते. त्यांच्या विरोधानंतर, 2022 च्या अखेरीस, ते 120 मीटर करण्याचे ठरले. मोटारींची आणि होड्यांची संख्या तराजूत घातली, तर होडीच्या वाट्याला अपूर्णांकच यावयाचा. परंतु होडी खांबांमधून पार होते किंवा होत नाही.

अंदाजावाचून राज्यकारभार चालणार नाही, हे खरे. यंत्रालाही राजे धरून सात मोहऱ्यांपलीकडचा संपूर्ण तक्ता अजून साधलेला नाही. पण ज्याचे सर्वस्व एकाच वाटेवर अवलंबून आहे, त्याची किंमत सरासरीने ठरवू नये. त्याच्या वाटेने शेवटपर्यंत जाऊन पाहावे, आणि ती वाट ज्याच्या पायाखालची आहे त्याला आधी विचारावे.