माशांची वाट आणि कायद्याची पळवाट

मृगाचा पहिला जोरदार पाऊस कोसळला की कोकणातील वहाळांना पाणी येते आणि अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. कोणी त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कोणी वळगणीचे. आडवे जाळे लावून ते पकडण्याचा आनंद आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. जलचरांची शिकार अल्लाहने हलाल केली आहे. तेव्हा मासा पकडणे हा गुन्हा नव्हे. प्रश्न निराळा आहे. एक मासा पकडणे आणि त्याच्या साऱ्या वंशाची वाट बंद करणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत काय?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. सॅमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परततो. धरण बांधणाऱ्याने माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे, असा त्या राज्याचा कायदा 1890 पासून होता. तरीही 1913 मध्ये एल्व्हावर वाट न ठेवताच धरण उभे राहिले. मग युक्ती शोधली गेली. वाटेऐवजी धरणाला लागून मत्स्यबीज केंद्र काढावे आणि धरण हा अंडी गोळा करण्यासाठीचा अडसर मानावा, म्हणजे कायदा मोडला असे होत नाही! ते केंद्र 1922 मध्ये बंद पडले. धरण मात्र उभेच राहिले. याच माशांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या क्लालम आदिवासींच्या तोंडचा घास त्यामुळे गेला.

हे वाचताना सूरह अल्-आराफमधील सब्तवाल्यांची आठवण होते. शनिवारी मासेमारी निषिद्ध असलेल्या किनाऱ्यावरील त्या लोकांची परीक्षा अशी, की नेमके त्याच दिवशी मासे पाण्यावर दिसत. भाष्यकार सांगतात, की त्यांनी शनिवारी मासे अडवून ठेवले आणि रविवारी उचलले. हात शनिवारी कोरडे राहिले, पण अंतःकरण? अल्लाहची आज्ञा शब्दांत पाळून आशयात मोडणारा माणूस इतर कोणाला नव्हे, तर स्वतःलाच फसवीत असतो.

कोणी म्हणेल, सृष्टी मानवाच्या सेवेसाठी आहे. वीज आणि पाणी माशांहून मोलाचे नाही काय? मानवाची गरज खरीच आहे आणि प्रत्येक धरण पाडावे, असे कोणी म्हणत नाही. परंतु खलीफा म्हणजे मालक नव्हे, अमानतदार. सूरह अल्-अन्आमने प्राणिमात्रांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. इस्लामी विधिशास्त्राने पाण्यावर तहानलेल्या जनावराचाही हक्क मान्य केला आहे. ज्या जिवाचे जगणेच नदी चढण्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी वाट ही तहानेइतकीच निकडीची नव्हे काय? पायऱ्यापायऱ्यांची मत्स्यशिडी बांधण्याचा खर्च हा उपकार नव्हे. धरणाच्या लाभातून फेडावयाचे ते देणे आहे.

शिवाय वाट कागदावर असून भागत नाही. आपल्या गंगेवरील फराक्का बंधारा 1975 मध्ये कार्यान्वित झाला. त्यापूर्वी हिलसा मासा समुद्रातून अलाहाबादपर्यंत आणि त्याहीपुढे जात असे. बंधाऱ्यात माशांसाठी सोय ठेवलेली होती. तरीही वरच्या गंगेतील हिलसा जवळजवळ नाहीशी झाली. वाट दिली की नाही, याचा निवाडा आराखडा करीत नाही, मासा करतो.

एल्व्हावरील दोन्ही धरणे 2011 ते 2014 या काळात पाडण्यात आली. मासे वरच्या पाण्यात परतले आणि 2023 मध्ये क्लालम लोकांनी त्या मुक्त नदीत पुन्हा सॅमन धरला. शंभर वर्षांनीही हक्क परत करता येतो, ही अल्लाहची कृपाच होय. पण त्या शंभर वर्षांत जे उपाशी राहिले, त्यांचे काय? तौबा स्वीकारली जाते. हिरावलेल्या हक्काचा हिशेब मात्र उरतो.

धरण बांधणे आपल्या हातात नसेल, वहाळावरचे जाळे तर आहे. येत्या मृगात ते लावताना अर्धा प्रवाह मोकळा सोडावा. टोपलीत चार मासे कमी येतील. जे वर जातील, त्यांच्यावर आपल्या नातवंडांचाही हक्क आहे.