वळणे की वळवणे?

गावात अजूनही कुणी विचारतो, "तुम्ही कधी बाटलात?" विचारणारा शिकलेला असला की तोच प्रश्न इंग्रजी कोट घालून येतो : "तुमचं कन्व्हर्शन कधी झालं?" पहिला शब्द आपल्याला झोंबतो, दुसरा झोंबत नाही. म्हणून दुसराच तपासून घ्यावा. (ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला ते आणखी कसे बाटणार, हे पहिला प्रश्न विचारणाऱ्याने सांगावे.)

लॅटिन भाषेत 'व्हर्टेरे' म्हणजे वळणे, वळवणे. त्याला 'कॉन' हा उपसर्ग लागला आणि पुढे इंग्रजीत 'कन्व्हर्ट' आला. भाषाशास्त्रज्ञ ही लॅटिन क्रिया आणि संस्कृतातील 'वृत्' धातू एकाच कुळातले मानतात. 'वृत्'पासून वर्तन, परिवर्तन, प्रवर्तन, पालीत 'पवत्तन'. म्हणजे सारनाथच्या पहिल्या उपदेशाचे नाव 'धम्मचक्कप्पवत्तन' आणि हे साहेबी 'कन्व्हर्शन' दूरचे भाऊबंद निघाले! शब्दाच्या मुळाशी बाटणे नाही, वळणे आहे.

पुढे हा शब्द अनेक घरी नांदला. नाणे बदलले तरी कन्व्हर्शनच. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली. सोळा आण्यांचे शंभर नये पैसे झाले; रुपया होता तेवढाच राहिला. धम्मदीक्षेनंतर साडेपाच महिन्यांनी घडलेली ही गोष्ट. आपल्या कित्येक घरांतले कन्व्हर्शन याच जातीचे आहे. देव्हाऱ्यातले टाक गेले, बुद्धाची तसबीर आली; नवस मात्र तोच. दारू पिणार नाही ही बावीस प्रतिज्ञांतलीच एक प्रतिज्ञा. जयंतीच्या रात्री तिचे काय होते, हे बाहेरच्याने सांगायला नको.

इंग्रजी कायद्यात या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : दुसऱ्याच्या मालकीची वस्तू आपलीच असल्यासारखी वापरणे. तो दिवाणी अपराध आहे. हा अर्थ ध्यानात घेतला की "ह्यांना कुणी कन्व्हर्ट केलं?" या प्रश्नाचे पोट उघडे पडते. आपण कुणाच्या तरी दावणीचे होतो आणि कुणीतरी दावे सोडून नेले, असे त्यात धरूनच चाललेले असते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी प्रथम स्वतः महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली, मग जमलेल्या लाखोंना दिली. त्रिशरणातले क्रियापद पाहा : 'गच्छामि'. मी जातो. लाखो कंठ एका सुरात म्हणत होते, तरी क्रियापद एकवचनी. 'गच्छाम', आम्ही जातो, असे ते नाही. घोळक्यातसुद्धा ज्याने त्याने आपल्या पायाने जायचे.

इथे आपल्या घरातला अवघड प्रश्न उभा राहतो. आपली मुले बौद्ध घरात जन्मली. शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिणे बापाच्या हाती आहे. मुलाचे 'गच्छामि' बाप म्हणू शकत नाही. वंदनेला बसलेला पोरगा "हे कशासाठी?" विचारतो आणि पाठीत धपाटा खातो. तो बसतो खरा, पण तो वळवलेला असतो, वळलेला नसतो. केवळ परंपरा आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. मग आपला धपाटा कोणत्या सुत्तातला?

वंदनेनंतर थोडा वेळ त्या पोराच्या प्रश्नासाठी ठेवावा. उत्तर आपल्याला येत नसेल तर 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्याच्याच हाती द्यावा, आणि त्याने मोठ्याने वाचावे, आपण ऐकावे.