चाळीस मिनिटांचा खेळ, दोन तासांचा वेळ

अमेरिकेतील पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलचा सामना घड्याळाच्या हिशेबाने चाळीस मिनिटांचा असतो. वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे, मध्ये पंधरा मिनिटांचे मध्यंतर. प्रत्यक्षात तो सहसा दोन तासांहून अधिक चालतो आणि या जादा वेळेबद्दल चाहते अनेक वर्षे कुरकुरत आले आहेत. खेळ संथ झाला आहे, तो सारखा थांबतो, शेवटची दोन मिनिटे संपता संपत नाहीत, पडद्यावर खेळ सोडून भलतेच दाखवतात, अशी ही तक्रार असते. वरवर पाहता ती करमणुकीच्या गिऱ्हाइकाची आहे. पण तिच्या तळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे. खेळातला काळ कोणाच्या मालकीचा, आणि तो वाया गेला असे केव्हा म्हणायचे?

या तक्रारीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधलेल्या असतात. पहिली संथपणाची. खेळ चालू असतो, पण खेळणारे घाई करत नाहीत. दुसरी खंडाची. खेळच थांबतो आणि त्या जागी दुसरे काही येऊन बसते. संथपणा खेळाच्या पोटातून येतो, खंड बहुधा बाहेरून लादला जातो. नियम करणाऱ्यांनी पहिल्या दुखण्यावर भरपूर औषधोपचार केले. दुसऱ्यावर फारसे केले नाहीत, आणि त्यामागचे कारण खेळात शोधून सापडत नाही.

गतीचा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत हा खेळ रचला. नेस्मिथ धर्मशास्त्राचे पदवीधर. बळकट शरीर हेही ईश्वरसेवेचे साधन आहे, असे मानणाऱ्या ख्रिस्ती चळवळीचे ते पाईक होते. त्यांच्या तेरा नियमांत पंधरा-पंधरा मिनिटांची दोन सत्रे आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती एवढाच कालविभाग होता. फाउलबद्दल फ्री थ्रो नव्हता. एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले की प्रतिस्पर्ध्याच्या नावावर सरळ एक गोल मांडला जाई. शिक्षा होई, पण तिच्यासाठी खेळ फार वेळ खोळंबत नसे. उलट दुसऱ्याच कारणाने तो अडे. पीचच्या टोपल्यांना बूड होते, त्यामुळे प्रत्येक गोलनंतर कोणीतरी वर चढून चेंडू काढायचा. पुढे बूड गेले, तरी प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या मध्यावर चेंडू उडवून खेळ नव्याने सुरू करण्याची रीत १९३७पर्यंत टिकली. खेळ पूर्वी अखंड वाहत होता आणि अलीकडे कोणीतरी तो नासवला, ही समजूत म्हणूनच भाबडी आहे.

खरा पेच वेळकाढूपणाने उभा केला. आघाडीवर असलेल्या संघाने चेंडू आपसात खेळवत राहायचे आणि घड्याळ पळू द्यायचे, याला नियमांत कुठेही बंदी नव्हती. १९६८ साली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटने ड्यूकला १२–१० असे हरवले. हे आकडे संपूर्ण सामन्याचे आहेत. १९७९च्या फेब्रुवारीत ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्यातल्या सामन्यात मध्यंतराला गुणफलक ७–० असा होता. नॉर्थ कॅरोलिनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी चार खेळाडूंना चार कोपऱ्यांत पांगवून चेंडू राखण्याची चाल जवळजवळ शास्त्र म्हणावे इतकी घोटवली होती. १९८२च्या कॉन्फरन्स अंतिम सामन्यात एका बाजूला नॉर्थ कॅरोलिनाचे मायकेल जॉर्डन आणि जेम्स वर्दी, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनियाचा राल्फ सॅम्पसन. देशभर प्रक्षेपण चालू. आणि प्रेक्षकांनी पाहिले ते चेंडू राखणे. सामना ४७–४५ असा संपला आणि संतापाला तोंड फुटले.

हा संताप न्याय्य होता का? तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे. अनावश्यक अडथळे आपण होऊन पत्करून ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ, हा तिचा गाभा. खेळाशी फटकून वागणाऱ्यांचे ते तीन प्रकार करतात. नियम पाळणारा पण जिंकण्याची पर्वा नसलेला चाळेखोर, जिंकू पाहणारा पण नियम मोडणारा लबाड, आणि दोन्ही झुगारणारा खेळमोड्या. वेळ काढणारा प्रशिक्षक या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. नियम तो काटेकोर पाळतो आणि जिंकण्याची आस तर त्याला इतरांहून जास्तच असते. त्याच्यावर एवढाच आरोप ठेवता येतो की, चेंडू टोपलीत टाकण्याचा अडथळा पार करण्याऐवजी तो त्याला वळसा घालतो. हा दोष नियमांचा, माणसाचा नव्हे. चाहत्यांनी स्मिथ यांना दूषणे दिली खरी, पण त्यांची नैतिक बाजू लंगडी होती. आपला संघ चार गुणांनी पुढे असताना वेळकाढूपणावर कोणी चिडल्याचे सहसा ऐकिवात नाही.

नियमांतला दोष नियमांनीच दुरुस्त झाला. व्यावसायिक एन.बी.ए.मध्ये १९५० साली फोर्ट वेन आणि मिनीआपोलिस यांचा सामना १९–१८ असा संपला होता. १९५४ मध्ये सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा टोपलीचा नेम धरतात आणि सामना २,८८० सेकंदांचा असतो. म्हणून एका प्रयत्नाला चोवीस सेकंद, आणि ते मोजणारे शॉट क्लॉक. कबड्डीत रिकाम्या चढायांना आळा घालणारी ‘करो या मरो’ची चढाई याच जातीची. पुरुषांच्या कॉलेज खेळाने हा उपाय तीसएक वर्षे लांबणीवर टाकला. १९८५–८६च्या मोसमात शॉट क्लॉक आले ते पंचेचाळीस सेकंदांचे. १९९३–९४ मध्ये ते पस्तीसवर आणि २०१५–१६ मध्ये तीसवर आले.

पण संथपणा म्हणजे रटाळपणा नव्हे, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा शॉट क्लॉक येण्याच्या अगदी आदल्या मोसमातला आहे. १९८५च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाने बलाढ्य जॉर्जटाउनला ६६–६४ असे हरवले. व्हिलानोव्हाने सबंध सामन्यात फक्त अठ्ठावीस वेळा टोपलीचा नेम धरला आणि त्यांतले बावीस नेम साधले. प्रत्येक चालीत चेंडू हातोहात फिरत राही, आणि संधी मनाजोगती दिसेपर्यंत कोणी नेम धरत नसे. कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोत्तम सामन्यांत या सामन्याचे नाव आवर्जून घेतले जाते. १९९६ मध्ये पीट कॅरिल यांच्या प्रिन्स्टनने गतविजेत्या यू.सी.एल.ए.ला ४३–४१ असे चीत केले, तेही अशाच सबुरीने. पुढे टोनी बेनेट यांच्या व्हर्जिनियाने संथ खेळावर नाके मुरडून घेतली आणि २०१९चे विजेतेपदही घेतले. या सामन्यांत काळ रेंगाळत नाही, ताणला जातो. पुढच्या क्षणी काय होईल याची उत्कंठा प्रत्येक क्षणात भरलेली असते. घाई केली तर हा ताण सुटतो. बावीस सेकंद चाललेली नेटकी चाल ज्याला कंटाळवाणी वाटते, त्याने आपल्या पाहण्याचाही विचार करावा.

खंडाची गोष्ट मात्र वेगळी आहे. प्रत्येक सत्रात सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटे उरल्यावर, त्यानंतर चेंडू पहिल्यांदा थांबेल तेव्हा, जाहिरातींसाठी मीडिया टाइमआउट घेतला जातो. सामन्यात असे आठ. संघांचे स्वतःचे टाइमआउट निराळे. व्यवहारात याची कधी कधी थट्टा होते. बाराचा टप्पा उलटून जातो, पण खेळ थांबतच नाही. दोन्ही संघ मागेपुढे धावत राहतात, प्रेक्षागृह उभे राहते, आणि आठ मिनिटे वीस सेकंद उरलेली असताना कोणाचा तरी पाय रेषेबाहेर पडतो. मग जाहिराती. खेळ पुन्हा सुरू होतो, अर्ध्या मिनिटात एक फाउल होतो. आता आठचा टप्पा ओलांडलेला असतो, म्हणून पुन्हा जाहिराती. या दोन खंडांच्या मधला खेळ किती झाला, तर दोन चालींचा. क्रिकेटमध्ये षटक संपल्यावर जाहिरात घुसते तेव्हाही प्रेक्षक वैतागतो, पण निदान तिथे खेळालाच सांधा असतो. बास्केटबॉलला असा सांधा नाही. तिथे कापावेच लागते.

अशा वेळी नेमके काय बिघडते हे सांगण्यासाठी अभिनवगुप्ताची भाषा फार उपयोगी पडते. भरताच्या नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत त्याने रसास्वाद म्हणजे विघ्नरहित प्रतीती असे मानले आणि सात रसविघ्ने सांगितली. त्यांतली काही जणू दूरचित्रवाणीवरचा सामना समोर ठेवूनच लिहावीत अशी आहेत. प्रतीतीची साधने अपुरी असणे हे एक. खेळ चालू असताना कॅमेरा प्रशिक्षकाच्या कपाळावरच्या आठ्यांवर खिळतो, किंवा मागच्या टोपलीची पुनरावृत्ती दाखवताना पुढची निसटते. गौणाला प्रधान स्थान मिळणे हे दुसरे. समालोचक पुढच्या वर्षी कोणता खेळाडू व्यावसायिक संघात जाणार याची चर्चा रंगवतात आणि समोरचा सामना तोंडी लावण्यापुरता उरतो. संशय हे आणखी एक, त्याचा विचार पुढे येतो आहे. चाहत्याला लांबणीचा राग येत नाही, रसभंगाचा येतो, हे या मांडणीतून स्वच्छ दिसते.

ही मांडणी खेळाला जशीच्या तशी लावता येत नाही, हेही खरे. स्वतःच्या सुखदुःखाने व्यापून जाणे हेसुद्धा अभिनवगुप्ताच्या मते विघ्नच आहे, आणि कॉलेजचा चाहता तर व्याख्येनेच पक्षपाती असतो. ज्या विद्यापीठात तो शिकला त्याचा रंग अंगावर चढवून तो बसलेला असतो. त्याला निर्मळ रसास्वाद कुठून मिळणार? यावर इतकेच म्हणता येईल की, नाटकात जे विघ्न ते खेळात इंधन असते. बाकीची विघ्ने मात्र विघ्नेच राहतात.

संशयाचे विघ्न रिप्लेने मोठे केले. २०१९च्या अंतिम सामन्यात व्हर्जिनिया आणि टेक्सास टेक यांच्यात जादा वेळेचे साधारण एक मिनिट उरले असताना व्हर्जिनियाच्या खेळाडूचा टोला लागून चेंडू बाहेर गेला. पंचांनी तो टेक्सास टेकला दिला. मग चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली गेली आणि मंदगतीत चेंडूने शेवटचा स्पर्श टेक्सास टेकच्या डाविडे मोरेत्तीच्या करंगळीला केल्याचे दिसले. निर्णय फिरला. चेंडू व्हर्जिनियाकडे गेला आणि सामनाही. वस्तुस्थिती म्हणून निर्णय अचूक होता. पण गल्लीबोळातल्या मैदानात खेळणाऱ्या कोणालाही विचारले, तर ज्याने चेंडूला टोला दिला त्याच्याकडून तो बाहेर गेला, असेच तो म्हणेल. नियम माणसाच्या डोळ्याने पाळले जाणार हे गृहीत धरून लिहिले होते. डोळ्याला न दिसणारे सत्य यंत्राने आणून दिले की अचूकता वाढते, न्याय वाढतोच असे नाही. शिवाय त्या अचूकतेची किंमत हजारो लोकांनी तिष्ठत बसून चुकवायची.

शेवटची दोन मिनिटे हे सगळ्यांत अवघड प्रकरण. इथे खंड बाहेरून येत नाही, खेळाच्या पोटातूनच येतो. पिछाडीवरचा संघ मुद्दाम फाउल करतो, म्हणजे घड्याळ थांबते, प्रतिस्पर्धी फ्री थ्रो घेतो आणि तो हुकला तर चेंडू परत मिळतो. शिक्षा म्हणून योजलेली गोष्ट इथे डावपेच होऊन बसते. जिला शिक्षा व्हायची तीच बाजू शिक्षा मागून घेते. तरीही या थांबण्याला सरसकट नावे ठेवता येत नाहीत. २०१६च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिनाच्या मार्कस पेजने तीन गुणांची टोपली साधून ७४–७४ अशी बरोबरी केली तेव्हा ४.७ सेकंद उरले होते. व्हिलानोव्हाने टाइमआउट घेतला. खेळ सुरू होण्याआधी त्यांच्या डॅनियल ओचेफूने पोछा हातात घेऊन, ज्या जागी त्याला आडोसा करून उभे राहायचे होते ती ओली फरशी स्वतः पुसली. मग रायन आर्चिडियाकोनो चेंडू घेऊन पुढे धावला, त्याने तो मागे क्रिस जेन्किन्सकडे दिला आणि शेवटचा भोंगा वाजता वाजता चेंडू टोपलीतून गेला. ७७–७४. तो थांबा कोणी कापून टाकला असता तर उत्कंठाच कापली गेली असती.

निक एलम या प्राध्यापकांनी याच गाठीवर एक वेगळा उपाय सुचवला. शेवटची चार मिनिटे उरली आणि खेळ थांबला की घड्याळ बंद करायचे, आघाडीवरच्या संघाच्या गुणांत ठरावीक गुण मिळवून लक्ष्य ठरवायचे, जो आधी तिथे पोचेल तो जिंकला. ‘द बास्केटबॉल टूर्नामेंट’ या उन्हाळी स्पर्धेत २०१८ पासून सगळे सामने असेच संपतात. वेळ काढण्यात किंवा थांबवण्यात कोणाचाच फायदा उरत नाही, म्हणून दोन्ही रोग मुळातून जातात. मोबदल्यात शेवटच्या सेकंदाचा भोंगा मात्र गमवावा लागतो. कॉलेज खेळाने हा सौदा अजून स्वीकारलेला नाही. परंपरेचा विचार करता ते समजण्यासारखे आहे.

जाहिरातींच्या खंडाला मात्र परंपरेचा आधार देता येत नाही. सी.बी.एस. आणि टर्नर यांनी २०१० मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी चौदा वर्षांचे १०.८ अब्ज डॉलर मोजले आणि २०१६ मध्ये आणखी ८.८ अब्ज मोजून करार वाढवून घेतला. या व्यवहारात विकला जातो तो काळ प्रेक्षकाचा आणि खेळाडूचा, विकणारे मात्र तिसरेच. खेळाडूंना कॉलेजांकडून थेट मोबदला मिळण्याची वाट २०२५च्या जुलैत मोकळी झाली. प्रेक्षकाला काय मिळाले? २०१५ मध्ये संघांचा एक टाइमआउट कमी झाला आणि चेंडू खेळात असताना प्रशिक्षकाला तो मागता येईनासा झाला. महिलांचा खेळ त्याच वर्षी दहा मिनिटांच्या चार सत्रांवर गेला. पुरुषांचा अजून दोनच सत्रांचा आहे. २०२५–२६ पासून पुरुषांच्या खेळात पंचांच्या निर्णयाला आव्हान द्यायचे तर प्रशिक्षकाच्या हाती टाइमआउट शिल्लक असावा लागतो. हे सगळे योग्यच आहे, पण कात्री दरवेळी संघांच्या थांब्यांवर चालली, जाहिरातींच्या आठ थांब्यांवर नाही. सी.बी.एस. आणि टर्नर यांचा करार २०३२ पर्यंतचा आहे.