सुटका नसलेले शब्द

मुंबईत मराठी-गुजरातीचा वाद पेटला की 'घाटी' या शब्दाची चर्चा निघते आणि त्या चर्चेत एक समजूतदार गृहस्थ हमखास उभे राहतात. घाटावरचा तो घाटी, यात अपमान कसला, असं ते विचारतात. आज थोडं बोचत असेल, पण शब्द वापरून वापरून जुन्या नाण्यासारखे गुळगुळीत होतात, इंग्रजीतला 'कॅड' नाही का झाला? बंदीची मागणी करणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. बंदी आली की शिवी कुजबुजीत जाते, इतकंच. 'होय, आम्ही घाटी' म्हणून छातीवर मिरवणाऱ्यांचा उत्साह कळतो, पण ही हौस ज्यांना कोणाच्या घरी भांडी घासायला जावं लागत नाही त्यांनाच परवडते. गुळगुळीत नाण्याचा सिद्धान्त मात्र उत्तर न देता सोडून देण्यासारखा नाही. तो समंजस वाटतो, इतिहासाचा दाखला देतो, आणि तो दाखलाच चुकीचा आहे.

'कॅड' म्हणजे बाईला शब्द देऊन फसवणारा, उपकारकर्त्यालाच बुडवणारा, सभ्य कपड्यातला नीच माणूस. या शब्दाचं कूळ मात्र खानदानी. गास्कनीच्या बोलीत नायकाला जो शब्द होता, त्यावरून फ्रेंचमध्ये सरदारघराण्यातल्या धाकट्या मुलाला नाव पडलं. वाट्याला जमीन येणार नाही, म्हणून तो फौजेत जाई. इंग्रजीत तो 'कॅडेट' झाला. कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी व्हायला आलेली मिसरूड न फुटलेली पोरं याच नावाने मुंबईच्या बंदरात उतरत. आज एनसीसीतली मुलंमुली हेच नाव अभिमानाने लावतात. ही झाली वरची फांदी.

खालची स्कॉटलंडमध्ये फुटली. एडिंबरोत नाक्यावर उभं राहून निरोप पोचवणाऱ्या, पडेल ते काम करणाऱ्या माणसांना 'कॅडी' म्हणत. गोल्फच्या मैदानावर साहेबाची पिशवी वाहणारा अजूनही कॅडीच. या कॅडींच्या अंगावरच्या चिंध्यांचं वर्णन अठराव्या शतकातल्या लोकांनी केलं आहे, पण त्यांच्यावर मोठमोठ्या कामांचा भरवसा टाकला जाई, हेही लिहून ठेवलं आहे. त्याच नावाचा तुकडा तोडून 'कॅड' झाला. लंडनमध्ये १८२९ साली शिलिबियर नावाच्या माणसाची घोड्यांची ऑम्निबस धावू लागली आणि पुढच्या दहा वर्षांत अशा गाडीच्या मागे लटकून उतारू गोळा करणारा कंडक्टर कॅड झाला. ईटन-ऑक्सफर्डला विद्यार्थ्यांच्या अवतीभवती बारीकसारीक कामांसाठी घुटमळणारे गावकरीही कॅडच. एकोणिसावं शतक संपेपर्यंत तो शब्द थेट बैठकीच्या खोलीत, उमरावाच्या मुलाच्या गालावर बसला.

इथे नाणं झिजलेलं दिसतं का? मला तर उलट धार लावलेली दिसते. लॉर्डाच्या मुलाला 'कॅड' म्हटल्यावर तो लाल का होई? कारण त्याला सांगितलं जाई की तू आमची ओझी वाहणाऱ्यांसारखा वागलास. ओझी वाहणाऱ्याविषयीची तुच्छता शाबूत असल्याशिवाय ही शिवी लागूच पडत नाही. आणि गंमत पाहा, गरीब मुलीला लग्नाचं वचन देऊन पळणं, पत्त्यांत हरलेले पैसे बुडवणं हे उद्योग बसच्या पायरीवर लटकणाऱ्याचे नव्हेतच. त्याला तेवढी फुरसत आणि पत कुठली? दुष्कृत्य धन्याचं, नाव गड्याचं. ज्यांच्यावर भरवसा टाकला जाई त्यांचंच नाव भरवसा मोडणाऱ्याला चिकटलं. याला अर्थाची झीज म्हणणं म्हणजे उचलेगिरीला झीज म्हणण्यासारखं आहे.

पुढे 'कॅड' निरुपद्रवी झाला, हे मान्य. पण वापराने नव्हे. बसवरच्या माणसाला कंडक्टर हे धड नाव मिळालं, हळूहळू कायम नोकरी मिळाली, आणि त्याला कोणी कॅड म्हणेनासं झालं. शब्दाच्या टोकाला उभा असलेला माणूस तिथून निघून गेला. 'व्हिलन'चंही तेच. मूळचा तो म्हणजे जमिनीला बांधलेलं कूळ. ते बंधन इंग्लंडातून नाहीसं झालं, म्हणून आज तो शब्द सिनेमापुरता उरला. शब्द किती झिजला हे मोजण्यापेक्षा माणूस सुटला का, हे विचारावं.

आता घाटी. मुंबईच्या गुजराती घरांत हा शब्द देशावरून आलेल्या घरगड्याचं नाव झाला. गोव्यात घाटापलीकडून आलेल्या प्रत्येकाला तो लागला. डोंगराचं नाव, मग कामाचं, मग वागण्याचं. सुरतेच्या उधन्यात या शब्दाचा पोकळपणा फार चांगला कळतो. उधना, लिंबायत, डिंडोलीतली मराठी वस्ती मुख्यतः खानदेशी : जळगाव, धुळे, नंदुरबारची. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या जळगाव-उधना रेल्वेने ती इथे आली, आणि त्या वाटेवर बोरघाट नाही की कसारा. घाट न उतरलेली माणसं घाटी कशी? तरी मुंबईहून आलेला हा शब्द त्यांना बिनबोभाट बसतो, कारण त्याला डोंगराशी कर्तव्यच नाही. लूमवर बारा तास उभा राहणारा, कापडबाजारात ताक्यांचे गठ्ठे पाठीवर वाहणारा माणूस त्याला पुरतो.

आपणही यात कमी नाही. याच माणसाची अहिराणी ऐकून पुण्याचा पाहुणा 'गावठी' म्हणतो. कोंबडी गावठी असली की भाव चढतो, माणसाचा उतरतो. आणि हाच उधन्यातला खानदेशी शेजारच्या खोलीतल्या बिहारी कारागिराला ज्या सुरात 'भैया' म्हणतो, तो सूर काही भावाला हाक मारायचा नसतो.

म्हणून मला शब्दांचे दोनच वर्ग खरे वाटतात. काहींतून सुटता येतं, काहींतून नाही. लबाडाने लबाडी सोडली की त्याला लबाड म्हणता येत नाही. उद्धटाने चार दिवस नीट वागून दाखवावं, शब्द गळून पडतो. घाटी म्हटलेल्याने काय सोडायचं? तो कितीही सभ्य वागला तरी फार तर 'घाटी असून चांगला' ठरतो, आणि त्या 'असून'मध्ये शिवी पूर्ण वसूल होते. एखादा शब्द दोन्ही वर्गांत काही काळ राहू शकतो, 'कॅड' राहिलाच होता. सीमारेषा धूसर आहे हे मी नाकारत नाही. पण त्या समजूतदार गृहस्थांना विचारायचा प्रश्न त्याने बदलत नाही : तुमचा हा निर्दोष शब्द ज्याला लागला, त्याला बाहेर पडायचं दार कुठे आहे?

असं दार ठेवणारे शब्द घडवणं अवघड असतं, असंही नाही. सुरतेच्या कापडबाजारानेच एक घडवला आहे. उधारीवर माल उचलायचा, दुकानाला कुलूप लावायचं आणि गावातून नाहीसं व्हायचं, याला इथे 'उठमणुं' म्हणतात. व्यापाऱ्यापासून लूमवाल्यापर्यंत सगळे हा शब्द वापरतात. शब्द दिला आणि मोडला, एवढीच त्यात तक्रार. 'कॅड'ने जो गुन्हा सांगायला हमालाचं नाव उसनं घेतलं, तोच गुन्हा इथे कृत्याच्या नावाने सांगितला जातो. पैसे चुकते केले की माणूस त्यातून मोकळा. एका दुकानाचं उठमणुं झालं की त्याच्यावर अवलंबून असलेल्या लूमचा पगार अडकतो, खोलीचं भाडं थकतं. पण पळालेल्या शेठच्या गावाची, बोलीची किंवा जातीची शिवी या बाजारात कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.