देवापुढचा सोंगाड्या

गावजत्रेतला तमाशा हा देवाच्या सेवेचा भाग, की सेवा आटोपल्यावरची करमणूक? बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या जत्रांचा क्रम पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर दिसते तितके सरळ नाही. सकाळी देवाला अभिषेक, दिवसभर नैवेद्य आणि नवस, रात्री वाजतगाजत निघणारा छबिना, छबिना देवळात परतला की तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. पालखीच्या वाजंत्र्याला आणि फडाच्या सुपारीला लागणारा पैसा एकाच वर्गणीतून येतो. देवाचा खर्च आणि हसण्याचा खर्च गावाने वेगळ्या वह्यांत मांडला नाही.

फडाच्या खेळाचा क्रमही हेच सांगतो. आरंभी गण, म्हणजे गणपतीला आवाहन. त्यानंतर गवळण. दह्यादुधाचे माठ घेऊन गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात. त्यांच्या पुढे मावशी असते. ती पुरुषच, सोंगाड्या उपरण्याचा पदर डोक्यावर घेतो, कमरेवर हात ठेवतो आणि तेवढ्यावर बाई होतो. वाट अडवायला कृष्ण आणि त्याचा पांगळा, बोबडा सवंगडी पेंद्या येतात. कृष्ण दान मागतो आणि मावशी त्याची उलटतपासणी सुरू करते. त्याचा काळा रंग, त्याच्या दोन आया, लोण्याची चोरी, असे काहीही ती सोडत नाही. हे संवाद लिहिलेले नसतात. समोरचा गाव, यंदाचा पाऊस, पहिल्या रांगेतले पाटील हे सगळे त्यात येते. देव उत्तर देताना अडखळतो, मावशी जिंकते आणि तासाभरापूर्वी छबिन्यासमोर हात जोडून उभी असलेली माणसे पोट धरून हसतात. त्यांना यात पाप वाटत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात या मावशीचे नेमके वर्णन सापडते. हास्य शृंगारातून जन्मते, शृंगाराचे अनुकरण म्हणजेच हास्य, असे तिथे सांगितले आहे. गवळणीचा नखरा हा शृंगार आणि मिशीवाल्या मावशीने केलेली त्या नखऱ्याची नक्कल हे हास्य. दोन्ही एकाच फळीवर शेजारी उभी असतात. हास्याचा रंग पांढरा आणि त्याची देवता प्रमथ, म्हणजे शंकराचे गण. हास्य असे देवाच्या परिवारातलेच ठरते. मात्र त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात दुसरी कथा आहे. भरताच्या पुत्रांनी ऋषींची टिंगल करणारे खेळ केले, ऋषी संतापले आणि नटांचा वंश शूद्र होईल, असा शाप त्यांनी दिला. हसवण्याची कला देवांची, पण मोठ्यांना हसणाऱ्या माणसाची जागा समाजाच्या तळाशी, असे ही कथा सांगते. मराठी सोंगाड्याचे आयुष्य या दोन विधानांच्या मध्ये गेले.

हास्याला मराठी धर्मविचारात विरोधही झाला. समर्थ रामदासांनी (1608 ते 1681) विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकली. पण त्यांच्याच दासबोधातली मूर्खलक्षणे हसल्यावाचून वाचता येत नाहीत आणि भारुडे रामदासांनीही रचली. त्यांचा राग हसण्यावर नव्हता, हसण्यात वेळ घालवून स्वतःला तपासायचे टाळणाऱ्यावर होता. हा आक्षेप खरा मानला, तरी त्यातून एवढेच निघते की कोणते हसू माणसाला स्वतःकडे नेते आणि कोणते स्वतःपासून पळवते, हे पाहावे लागते.

या ठिकाणी एक नेहमीचे स्पष्टीकरण पुढे केले जाते: उपदेश कडू असतो, म्हणून संतांनी तो विनोदाच्या गुळात घोळून दिला. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. ते खरे असते, तर एकनाथांच्या भारुडांतून विनोद काढून घेतल्यावर उपदेश तसाच उरला असता. तो उरत नाही. पैठणच्या एकनाथांनी (1533 ते 1599) भारुडात महार, जोशी, गोंधळी, वासुदेव, विधवा, सून, भुताने झपाटलेला अशी सोंगे घेतली आणि ती सारी ‘मी’ म्हणून बोलतात. विंचवाच्या भारुडात भारूडकार पाय धरून उड्या मारतो, किंचाळतो, लोक हसतात. मग कळते की हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्याचा उतारा सत्त्वगुणात आहे. त्या क्षणी हसणाऱ्याला आपलाच पाय आठवतो. भवानीला घातलेल्या साकड्यात सून सासऱ्यापासून एकेका नातलगाची वाट लावायला देवीला सांगते. बायका पदर तोंडाला लावून हसतात, कारण हे मनातले बोलणे आहे आणि ते देवीसमोर, सर्वांदेखत झाले आहे. शेवटी सगळी नाती गळून ती एकटी उरते, तेव्हा त्या मागण्याचा अर्थ पालटतो. अहंकार कसा सुटतो हे इथे नुसते सांगितले जात नाही, हसता हसता तो थोडा सुटलेलाही असतो. हसू हे इथे ज्ञानाचेच काम करते.

देवाशी हसता येणे हीदेखील भक्तीची एक पायरी आहे. भागवतातल्या नवविधा भक्तीत सख्य आठवे, दास्याच्या पुढचे आणि आत्मनिवेदनाच्या अलीकडचे. रूप गोस्वामींनी भक्तिरसाची मांडणी करताना हास्याला गौण का होईना, रसाचे स्थान दिले. ज्याच्यापुढे फक्त भीती वाटते, त्याची थट्टा करता येत नाही. पेंद्या आणि मावशी कृष्णाशी भांडतात, कारण तो त्यांना आपला वाटतो. तुकोबांची पालखी याच दोन तालुक्यांतून जाते, तेव्हा हे आपलेपण रस्त्यावर उतरते. उंडवडी गवळ्याची, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा तो मार्ग. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावते. बेलवाडी आणि इंदापुरात गोल रिंगण होते. रिंगणानंतर म्हातारी माणसे फुगड्या घालतात, एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारतात, पडतात, हसतात. चौदा-पंधरा किलोमीटर चालून आलेल्या माणसांचे हे खेळ उपासनेतच मोडतात. त्यासाठी कोणी टाळ खाली ठेवून वेगळी परवानगी घेत नाही.

बारामतीला या प्रश्नाचा एक ऐतिहासिक धागाही आहे. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत (1729 ते 1794) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले आणि तिथेच वारले. त्यांची कविता पंडिती: आर्या, यमके, 108 रामायणे, शेवटी केकावली. सोलापूरचे रामजोशी हे त्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. ब्राह्मण घरातला हा माणूस डफ-तुणतुण्याच्या संगतीने लावण्या गात तमाशात रमला आणि पुढे कीर्तनकार झाला. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव पोचवण्याचे मोठे श्रेय रामजोशांकडेच जाते. ही कथा बहुधा पश्चात्तापाची म्हणून सांगतात: तमाशा सुटला, भक्ती लागली. पण भरल्या मैफलीत शब्द कुठे थांबवायचा, कुठे टाकायचा, झोपाळलेल्या माणसाला कसे जागे करायचे, हे रामजोशी फडावर शिकले होते. मोरोपंतांच्या जड आर्येला लोकांच्या कानापर्यंत नेणारा गळा तमाशाने घडवला होता. 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ चित्रपटाने ही व्यक्तिरेखा जयराम शिलेदारांच्या गळ्यातून पुन्हा घराघरांत नेली.

विसाव्या शतकातले थोर विनोदी नट या परंपरेचेच वारस. दादू इंदुरीकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगात इंद्राच्या दरबारातला शाप कुंभाराच्या अंगणात येऊन पडतो. शापित गंधर्व गाढव होतो आणि स्वर्गाचा सगळा कारभार सावळ्या कुंभाराच्या डोळ्यांनी तपासला जातो. इंदुरीकरांचा सावळ्या देवांना शिव्या देत नाही, तो साधे प्रश्न विचारतो आणि ते प्रश्नच भारी पडतात. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. दोघांचा एकच चेहरा हीच त्यांची मोठी विनोदसामग्री. खरा कोण आणि सोंग कोणते, हा वेदान्तातला प्रश्न ते हवालदाराच्या वेशात विचारत. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’तून दादा कोंडके लोकांच्या मनात बसले आणि 1971 मध्ये ‘सोंगाड्या’ पडद्यावर आला. गाडगेबाबांचे (1876 ते 1956) नाव या ओळीत घेणे काहींना खटकेल, पण ते घ्यायलाच हवे. बोकड मागणाऱ्या देवाबद्दल ते श्रोत्यांना एकेक प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत आणि सभा हसत असतानाच नवसाची गाठ सोडवत. सोंगाड्याची बतावणी आणि बाबांचे कीर्तन यांची रीत एकच आहे.

शापाची बाजू मात्र विसरता येत नाही. फडावरचे सोंगाडे बहुतांशी महार, मांग अशा जातींतले, नाचणाऱ्या बऱ्याचशा कोल्हाटी समाजातल्या. गवळणीत कृष्णाची वाट अडवून त्याला निरुत्तर करणाऱ्या कलावंताला पंढरपुरात विठ्ठलाच्या पायावर डोके ठेवता येत नव्हते. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. रंगमंचावर सख्य आणि देवळाच्या पायरीवर बहिष्कार, ही विसंगती गावाला शतकानुशतके टोचली नाही, हे या परंपरेवरचे सर्वांत गंभीर दूषण आहे.

म्हणून पुढच्या चळवळींनी गण-गवळणीलाच हात घातला, हे स्वाभाविक होते. सत्यशोधक जलशांनी गणपतीचा अर्थ गणांचा, म्हणजे लोकांचा नायक असा लावला. भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी जुनी देवस्तुती सोडली. अण्णा भाऊ साठ्यांनी गणात मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले आणि गवळण गाळली. देवाची स्तुती गेली, तशी देवाची थट्टाही गेली. सोंगाड्याचे प्रश्न आता सावकाराकडे आणि मालकाकडे वळले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कृष्णाची फिरकी घेणे हे नास्तिकाचे काम नव्हतेच, देव मानणाऱ्याचाच तो हक्क होता. विठ्ठल उमपांनी (1931 ते 2010) या दोन्ही वाटा एका आवाजात आणल्या. आंबेडकरी विचारांचा हा शाहीर ‘जांभूळ आख्यान’ गाताना एकटाच कृष्ण होई, द्रौपदी होई, पांडवही होई. कर्णाबद्दल द्रौपदीच्या मनात दडलेली ओढ उघडी पडेपर्यंत प्रेक्षक हसत असत आणि मग गप्प होत.

आजच्या जत्रेत गवळण आखूड झाली आहे. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला आडकाठी करणारे 2000 सालचे नियम, सिनेमातल्या गाण्यांची फर्माईश आणि फडांचा वाढता खर्च यांत आधी कात्री लागते ती बतावणीला. गण होतो, कारण तो चुकवणे अशुभ मानतात. मावशीच्या वाट्याला मात्र थोडाच वेळ उरतो आणि कृष्णाला निरुत्तर करायला तो पुरत नाही.